बाबांना रात्री सारखं लघवीला उठावं लागतं, आधी कोणाला दाखवावं?

केतकी_प: बाबा ७२ वर्षांचे आहेत. रात्री चार-पाच वेळा उठतात, पण वयाचं म्हणून आम्हाला कधी बोलले नाहीत. परवा अंधारात तोल जाऊन खांद्याला लागलं, तेव्हा कळलं. आता संध्याकाळपासून पाणीच सोडलंय. बीपीची गोळी चालू आहे, शुगर बरेच दिवस तपासलेली नाही. थेट युरॉलॉजिस्टकडे जावं का?

समीर७०: प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांची मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढली असणार. मला टॅमसुलोसिन या प्रोस्टेटच्या गोळीने चांगला फरक पडला. डॉक्टरांना विचारा.

पिंपळपान: आधीच प्रोस्टेटवर शिक्का मारू नका. प्रत्येक वेळी लघवी किती होते ते बघा. मापाचा एक जुना मग बाथरूममध्ये ठेवा आणि तीन दिवस, दिवसाची आणि रात्रीची, वेळेसकट वहीत लिहा. झोपल्यानंतरची आणि सकाळी उठल्यावरची पहिली मिळून चोवीस तासांतल्या एकूण लघवीच्या एक तृतीयांशाहून जास्त भरली, तर लघवी रात्रीच जास्त तयार होतेय. मग नुसत्या प्रोस्टेटच्या गोळीने फारसं साधत नाही. याउलट दर वेळी थोडीशीच होत असेल, धार बारीक असेल, जोर करावा लागत असेल, तर प्रोस्टेट किंवा मूत्राशयाकडे बघायचं. वही घेऊन आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. शुगर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीची रक्ततपासणी), लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी तेच लिहून देतील. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर आत किती उरते तेही मोजायला सांगा.
बाबांचे पाय सुजतात का?

केतकी_प: हो, संध्याकाळी मोज्यांचे वळ उमटतात.

पिंपळपान: मग हे डॉक्टरांना नक्की सांगा. दिवसभर पायांत साचलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि मूत्रपिंडं ते रात्री बाहेर काढतात. अम्लोडिपिनसारख्या बीपीच्या गोळीनेही सूज येते. हृदयाचं, मूत्रपिंडाचं कारणही असू शकतं. संध्याकाळी तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडायला सांगा. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तिची वेळ बदलता येते, पण डॉक्टरांना विचारूनच. कुठलीच गोळी मनाने बंद करू नका.

अनुजा_नर्स: बाबा खूप घोरतात का, झोपेत श्वास अडकतो का? स्लीप ॲप्नियामुळेही रात्री लघवी वाढते. समीरकाका म्हणतात ती गोळी चांगली आहे, पण तिने उठल्यावर चक्कर येऊ शकते आणि तुमचे बाबा आधीच पडलेत, तेव्हा पडल्याचं सांगायला विसरू नका. पाणी असं तोडायचं नाही. दिवसा पोटभर प्यायचं, झोपण्याआधीचे दोन-तीन तास कमी करायचं, संध्याकाळचा चहा बंद. आजच पलंगापासून संडासापर्यंत रात्रीचा दिवा लावा, पलंगाशी युरिनलची बाटली ठेवा. सर्दीच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नका, काहींनी लघवी तुंबते. लघवी अजिबात होईनाशी झाली, रक्त दिसलं किंवा थंडी वाजून ताप आला तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

समीर७०: पाय सुजण्याचं मला ठाऊक नव्हतं. केतकी, बाबांना तुझ्याशी बोलायला अवघड वाटत असेल तर भावाला किंवा काकांना बरोबर पाठव. माझ्या वयाची माणसं मुलीसमोर डॉक्टरांना निम्मंच सांगतात.

केतकी_प: काकांना आत्ताच फोन करते. मगही काढून ठेवलाय.