‘रेसिड्युअल’ला काय म्हणावं: अवशेष, शिल्लक की उरलेला?

प्रश्न, नेरूळहून
वहिनींचं थायरॉइडचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. पॅपिलरी कॅन्सर होता, पूर्ण ग्रंथी काढली. डिस्चार्जबरोबर मिळालेल्या मराठी पत्रकात छापलंय: ‘कर्करोगाच्या अवशेषांचे मूल्यमापन करावे लागेल.’ ते वाचल्यापासून त्यांना झोप नाही. ‘अवशेष’ बरोबर आहे का?

उत्तर, ठाण्याहून
मी रुग्णांसाठीचे कागद मराठीत आणते, म्हणून कळकळीने लिहिते. अवशेष किल्ल्याचे असतात, जळालेल्या घराचे असतात. जिवंत माणसाच्या गळ्यासाठी हा शब्द वापरू नये.

क्रियापदही जपून निवडावं. ‘राहून गेला’ म्हटलं की कुणाच्या तरी हातून चूक झाली असं वाटतं. ‘ठेवला’ म्हणजे जाणूनबुजून. तसंही घडतं बरं का: आवाजाची नस ग्रंथीला अगदी लागून जाते, ती वाचवायला सर्जन कधी कधी पातळसा भाग सोडतात. ‘उरला’ मात्र कुणालाच दोष देत नाही.

दुसरं, काय उरलं तेही लिहायला हवं. ‘ग्रंथीचा उरलेला भाग’ वेगळा आणि ‘उरलेला कर्करोग’ वेगळा. थायरोग्लोब्युलिन हे प्रथिन निरोगी थायरॉइडच्या पेशीही बनवतात आणि पॅपिलरी कॅन्सरच्या पेशीही. त्यामुळे रक्तात ते थोडं सापडलं म्हणजे कॅन्सर उरला असं होत नाही. त्याविरुद्धच्या अँटीबॉडी असतील तर तो आकडा फसवाही निघू शकतो. म्हणून सोबत अँटीबॉडी तपासतात आणि मानेची सोनोग्राफीही करतात.

पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात ‘आर’ हे इंग्रजी अक्षर असेल तर ते ‘रेसिड्युअल’ याच शब्दाचं: आर-० म्हणजे काही उरलं नाही, आर-१ म्हणजे फक्त सूक्ष्मदर्शकात दिसेल इतकं, आर-२ म्हणजे डोळ्यांना दिसेल इतकं. आर-एक्स म्हणजे ठरवता आलं नाही. त्याला ‘आहे’ समजू नये.

वाशीहून
‘शिल्लक’ का नको? घराघरातला शब्द आहे.

ठाण्याहून
घराघरातला आहे, पण शिल्लक आपल्याला हवीशी असते. बँकेत पैसे शिल्लक, टोपलीत भाकरी शिल्लक. कॅन्सरला तो शब्द देववत नाही.

वाशीहून
पटलं. काय उरलं ते बघायला किरणोत्सारी आयोडीन देऊन स्कॅन करतात, त्याबद्दल एक भर घालतो. ते आयोडीन-१३१ आमच्या वाशीच्या ब्रिट या सरकारी किरणोत्सार-समस्थानिक संस्थेतून रुग्णालयांना जातं, त्याचा अर्धायुकाल, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, सुमारे ८ दिवस. रिपोर्टात ‘अपटेक’ येतं त्याला ‘ग्रहण’ लिहितात आणि लोकांना चंद्रग्रहण आठवतं. ‘मानेत आयोडीन शोषलं गेलं’ हे पुरे. ग्रंथीच्याच जागी ते दिसलं तर बहुधा निरोगी भाग असतो. लसिका गाठींमध्ये किंवा फुप्फुसात दिसलं तर डॉक्टर वेगळा विचार करतात.

नेरूळहून
पत्रकातली ती ओळ खोडून वर पेनाने लिहिलं: ‘कर्करोग उरला आहे का, ते तपासायचे आहे.’ वहिनींनी दोनदा वाचलं. ‘म्हणजे अजून बघायचंय, ठरलेलं नाही,’ म्हणाल्या, आणि रक्ततपासणीची तारीख स्वतः भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली.