मदत हवी आहे: ॲलेक गिनेसवर दीड तास, काय काय दाखवू?

जुनं रीळ: फिल्म क्लबात ब्रिटिश अभिनेता ॲलेक गिनेसवर दीड तासाचा कार्यक्रम आहे. उतारे दाखवायचे, मध्ये बोलायचं. 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स'मधल्या आठ भूमिकांपासून सुरुवात करतोय. पुढे काय घेऊ? तो लिहायचाही, ते कुठे बसवू? 'स्टार वॉर्स'मधला ओबी-वान नको, तो सगळ्यांचा पाहून झालाय.

काळा पडदा: आठ भूमिकांनी सुरुवात केलीत तर लोक पुढे नुसती सोंगंच मोजत बसतील. लेखनापासून सुरू करा. १९३९ साली त्याने डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चं नाट्यरूपांतर केलं, हर्बर्ट पॉकेटही स्वतःच केला. दिग्दर्शक डेव्हिड लीनने ते पाहिलं होतं, म्हणून १९४६ च्या सिनेमात हर्बर्ट त्याच्याकडे आला. त्यातली पाच मिनिटं पुरे. लगेच लीनच्याच 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधला (१९४८) फेगिन, म्हणजे पोरांना चोऱ्या शिकवणारा ज्यू म्हातारा, लावा, माणूस ओळखू येत नाही. लीनलाही आधी पटत नव्हतं. गिनेस पूर्ण रंगभूषा करून चाचणीला गेला. फक्त फेगिनच्या त्या मोठ्या नकली नाकाबद्दल आधीच बोला. ज्यूंची विटंबना म्हणून आक्षेप आले, अमेरिकेत सिनेमा १९५१ पर्यंत अडला.

आठांमधला चर्चचा प्रसंग घ्या, एका चौकटीत सहा गिनेस! छायाचित्रकार डग्लस स्लोकम्बने लेन्सपुढचा एकच तुकडा उघडा ठेवून बाकी झाकलं. तेवढं चित्रित झालं की फिल्म मागे गुंडाळायची, पुढचा तुकडा उघडायचा. कॅमेरा केसभर हलला तरी सांधा दिसणार, म्हणून रात्री तो स्टुडिओतच झोपला.

तिसरी घंटा: 'काइंड हार्ट्स'ची प्रत तपासून घ्या. अगदी शेवटी एक जादा शॉट दिसला तर ती अमेरिकेसाठी केलेली प्रत. 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय'चंही (१९७९) तसंच, बीबीसीची मूळ मालिका ७ भागांची; ६ भागांची घेऊ नका. तिथला स्मायली, म्हणजे गिनेसने केलेला गुप्तहेर, नुसता ऐकत बसतो, आणि नजर त्याच्यावरून हटत नाही. तो उतारा सलग १० मिनिटं चालू द्या, मध्ये तोडलात तर त्यातली शांतता जाते.

लेखनासाठी 'द हॉर्सेस माउथ' (१९५८). जॉइस कॅरीच्या कादंबरीवरून पटकथा त्याचीच, ऑस्कर नामांकनही मिळालं. गली जिमसन या चित्रकाराचा घोगरा आवाज ऐकवाच.

जुनं रीळ: आणि 'ए पॅसेज टू इंडिया' सिनेमात त्याने केलेले प्रोफेसर गोडबोले? आडनावामुळे आपल्याकडे विचारतीलच.

काळा पडदा: दोन मिनिटं दाखवा, जास्त नको. मूळ कादंबरीत फॉर्स्टरने दख्खनी ब्राह्मण लिहिलाय, पडद्यावर मात्र रंग फासलेला इंग्रज दिसतो. त्याचा नाचही संकलनात उडाला.