फसलेल्या जोखमीला ‘घोडचूक’ म्हणावं का?

प्रश्न: विचार करून पत्करलेली जोखीम अंगाशी आली की लोक लगेच ‘घोडचूक केलीस’ म्हणतात. मला हा शब्द तिथे खटकतो. ‘घोड’ चुकीचा आकार सांगतं, घोडनवरीत वय सांगतं तसं. पण आकार कशाचा धरायचा? झालेल्या नुकसानीचा, की विचारातल्या ढिलाईचा?

प्रतिसाद: ढिलाईचा, असं माझं ठाम मत आहे. नुकसान पुष्कळदा आपल्या हातात नसतं. हुंड्यांच्या, म्हणजे पैसे देण्याच्या लेखी आदेशांच्या, व्यवहारात ‘जोखमी हुंडी’ असे. जहाजातला माल सुखरूप पोचला तरच तिचे पैसे मिळायचे. माल बुडाला, की हुंडी विकत घेणाऱ्याचे पैसेही बुडाले. ही शक्यता जोखूनच तो ती घेई. वादळात जहाज गेलं तर त्याचा तोटा झाला. चूक झाली असं नाही म्हणता येत. जहाज गळकं असल्याचं कानावर येऊनही चौकशी केली नसेल, तर मात्र ती गफलत. बेसावधपणा हा त्या शब्दाचा गाभाच आहे.

‘जोखीम’ऐवजी ‘धोका’ इथे चालणार नाही. तो आपण जोखला नाही तरी असतोच, शिवाय ‘धोका दिला’ म्हटलं की अर्थ फसवणुकीकडे जातो.

‘साहस’ची गोष्ट मला फार आवडते. आज तो कौतुकाचा शब्द आहे, पण ‘सहस्’ म्हणजे बळ, आणि धर्मशास्त्रात साहस म्हणजे बळजोरीचा गुन्हा. मनुस्मृतीत तर दंडाच्या पायऱ्यांनाही हेच नाव आहे: प्रथम साहस २५० ‘पण’ (तेव्हाचं नाणं), मध्यम ५००, उत्तम १०००. ‘उत्तम’ म्हणजे इथे सगळ्यांत जबर!

प्रश्नकर्ता: मग ‘हिमालयाएवढी चूक’? तिथे तर नुकसानच मोजलंय ना?

प्रतिसाद: मला तसं वाटत नाही. १९१९ साली सत्याग्रहात हिंसाचार झाल्यावर गांधींनी नडियादच्या सभेत आपल्या चुकीला हिमालयाची उपमा दिली. हिंसा केली इतरांनी. लोकांची तयारी होण्याआधीच त्यांना कायदेभंगाला बोलावलं, ही चूक त्यांनी स्वतःकडे घेतली. इंग्रजीत त्यासाठी आलेला शब्दही ‘मिसकॅल्क्युलेशन’ आहे, म्हणजे हिशेबातली चूक. जोखण्यातच चुकलो, असं ते सांगत होते.

प्रश्नकर्ता: पटलं. माझ्या वाक्यातली ‘घोडचूक’ काढतो आणि ‘जोखीम अंगाशी आली’ एवढंच ठेवतो.