परफॉर्मन्स गॅरेज काढायचं आहे, सुरुवात कुठून करू?

चौथा_गियर

माझं वय २२. मेकॅनिकल डिप्लोमा झालाय आणि गेली दोन वर्षं एका सर्व्हिस वर्कशॉपमध्ये आहे. ऑइल, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, सस्पेन्शनचे बुश अशी रोजची कामं करतो. तीन महिन्यांपूर्वी एक इंजिन पूर्ण खोलून पुन्हा बांधलं, त्या कामात मी मिस्त्रींच्या हाताखाली होतो. ते पहिल्यांदा स्टार्ट झालं तेव्हा अंगावर काटा आला. तेव्हापासून डोक्यात दुसरं काही येतच नाही. टर्बो बसवणं, इंजिन बांधणं, ईसीयू मॅपिंग (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधले इंधन-ठिणगीचे आकडे बदलणं), हे सगळं करणारं स्वतःचं गॅरेज हवंय. दहा वर्षं लागली तरी चालतील.

आधी ट्यूनिंगचा कोर्स करू की इंजिनकाम शिकू, हे ठरत नाहीये. डायनो (गाडीची ताकद मोजायचं मशीन) नसताना असं गॅरेज काढता येतं का? घरचे म्हणतात पदवी पूर्ण कर. मित्र म्हणतो लॅपटॉप आणि केबल घे, रिमॅप करायला लाग, पैसे आपोआप उभे राहतील. या धंद्यात असलेल्यांनी कृपया सांगावं.

जुना_पाना

मी १४ वर्षं दुसऱ्यांकडे काम केलं आणि आता ९ वर्षं झाली, स्वतःचं गॅरेज चालवतोय. तुझ्या मित्राचा सल्ला ऐकू नकोस. मी तोच रस्ता धरला होता आणि तो माझ्या चांगलाच अंगाशी आला.

गॅरेज काढून दुसरंच वर्ष होतं. एक टर्बो पेट्रोल गाडी आली, मालकाला बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब, वाढवून हवा होता. गाडी छान पळत होती, म्हणून मी काही न तपासता थेट मॅप बदलला. एक छोटी चक्कर मारली, मिश्रण ठीक दिसलं, गाडी दिली. तीन आठवड्यांनी तीच गाडी टो होऊन परत आली. निळा धूर आणि तिसऱ्या सिलिंडरला कॉम्प्रेशन नावालाही नाही. प्लग काढून उजेडात धरला तर पांढऱ्या पोर्सेलिनवर टाचणीच्या टोकाएवढे चंदेरी ठिपके दिसले. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम होतं. हेड उतरवलं तेव्हा पिस्टनवरचा दोन रिंगांमधला कडा तुटलेला मिळाला.

कारण काय, तर इंधनाचा पंप थकलेला होता. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने १ भाग पेट्रोलमागे १४.७ भाग हवा लागते. पण टर्बो इंजिनावर पूर्ण भार असताना आपण मिश्रण मुद्दाम घट्ट ठेवतो, म्हणजे साधारण ११.५ ते १२ भाग हवा. जादा पेट्रोलमुळे आतलं तापमान खाली राहतं आणि नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून बसणारे ठोके, लांब राहतं. कंपनीच्या बूस्टला तो पंप कसाबसा पुरत होता, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. मी बूस्ट वाढवला, लांब चढावर वरच्या आरपीएमला इंधनाचं प्रेशर पडलं, मिश्रण पातळ झालं आणि नॉकिंगने पिस्टन खाल्ला. भाराखाली फ्युएल प्रेशर बघायला मला वीस मिनिटं लागली असती. ते इंजिन मी पदरच्या पैशांनी बांधून दिलं. त्या मालकाचा चेहरा मला अजून आठवतो.

म्हणून माझं मत पक्कं आहे: आधी दोष शोधायला शिक. आणखी तीन-चार वर्षं अशा ठिकाणी काम कर जिथे इतरांनी हात टेकलेल्या गाड्या येतात. कॉम्प्रेशन टेस्ट, लीक-डाउन (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजणं), इनटेकची स्मोक टेस्ट (धूर सोडून गळती शोधणं), ऑसिलोस्कोपवर इंजेक्टर आणि इग्निशनच्या लहरी वाचणं, हे हाताला बसू दे. परफॉर्मन्सच्या गिऱ्हाइकाची निम्मी कामं याचीच असतात. गाडी मुळात आजारी असते आणि त्याला ताकद वाढवून हवी असते.

नंतर निदान एक वर्ष मशीन शॉपमध्ये जा. बोअर गेज आणि मायक्रोमीटर तुझ्या बोटांना कळले पाहिजेत. ५० मिलिमीटरच्या क्रँक जर्नलला (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) बेअरिंगचा गॅप ढोबळ मानाने ०.०५ मिलिमीटर असतो, आणि तो मोजायचा असतो, अंदाजाने धरायचा नसतो. टर्बो इंजिनात रिंगचा गॅप थोडा जास्त ठेवतात. उष्णतेने रिंग लांबते, आणि टोकाला टोक भिडलं तर ती सिलिंडरमध्ये अडकते किंवा पिस्टनचा कडा तोडते. असल्या गोष्टी कोर्समध्ये वाचून कळतात, पण विश्वास बसतो तो स्वतः मापं घेतल्यावर.

ट्यूनिंग शेवटी. तोपर्यंत तुला माहीत झालेलं असेल की लॅपटॉपवर दिसणाऱ्या आकड्यामागे लोखंडात काय चाललंय. इग्निशन पुढे घेताना, म्हणजे ठिणगी थोडी थोडी लवकर पाडताना, टॉर्क (इंजिनाचा फिरवायचा जोर) वाढायचा थांबला की तिथे थांबायचं. नॉक ऐकू येईपर्यंत ढकलत राहायचं नाही.

डायनो सुरुवातीला विकत घेऊ नकोस. तासावर भाड्याने मिळतो, तेवढा पुरतो. फक्त आधीचं आणि नंतरचं माप एकाच डायनोवर, एकाच गियरमध्ये घे, कारण दोन डायनोंचे आकडे जुळतीलच असं नाही. आणि डायनोने दिलेला आकडा स्वतः पडताळायला शीक: टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये, त्याला आरपीएमने गुणायचं, ९५४९ ने भागायचं, की किलोवॅट मिळतात. ५००० आरपीएमला २०० न्यूटन-मीटर म्हणजे साधारण १०५ किलोवॅट. पैसे आधी चांगल्या लिफ्टवर, टॉर्क रेंचवर आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणाऱ्या वाइडबँड मीटरवर घाल.

हिशोबवही

माझ्या नवऱ्याचं असंच गॅरेज आहे, हिशोब मी बघते. वरच्या सगळ्याशी सहमत, पण पैशाची बाजू राहिली.

आमचं गॅरेज पहिल्या वर्षी बुडता बुडता वाचलं ते क्लच, ब्रेक आणि अलाइनमेंटच्या कामांवर. मोठी प्रोजेक्टची गाडी लिफ्टवर चढली आणि पार्ट यायला उशीर झाला की ती लिफ्ट दीड-दीड महिना अडकते. त्या काळात तिच्यावरून एक पैसा येत नाही, भाडं मात्र द्यावंच लागतं. म्हणून आता पार्टची पूर्ण रक्कम आधी घेतल्याशिवाय आम्ही गाडी आत घेत नाही. काय करायचं आणि काय करायचं नाही हे जॉब कार्डवर लिहून सही घेतो. मधेच "तेवढं हेही करून टाका" आलं की नवीन कार्ड.

आणि आजपासूनच एक कर. प्रत्येक कामाला किती तास धरले होते आणि खरे किती लागले, वहीत लिही. परत आलेली कामंही लिही, कारण तो वेळ फुकटच जातो. स्वतःचे तास माहीत नसतील तर दर ठरवणार कशावर?

चौथा_गियर

दादा, ताई, मनापासून आभार. वही आजच आणली. पदवीचं काय करू? आणि गिऱ्हाईक म्हणालं की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एग्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) काढून टाका, तर?

जुना_पाना

गाडीच्या कंपनीत कॅलिब्रेशनचं (ईसीयूतले आकडे ठरवायचं) काम करायचं असेल तर पदवी लागेल. गॅरेजसाठी अडत नाही. पण नोकरी सांभाळून जमत असेल तर पूर्ण कर. थर्मोडायनॅमिक्स मी चाळिशीत पुस्तकं घेऊन शिकलो, तुझ्या वयात ते सोपं जाईल.

कन्व्हर्टर काढायला आमच्याकडे सरळ नाही म्हणतो. रस्त्यावरच्या गाडीतून तो काढणं बहुतेक देशांत बेकायदा आहे, आणि मागून चालणाऱ्याने तो धूर का घ्यावा? दोन गिऱ्हाइकं निघून गेली, तर गेली.

चौथा_गियर

पटलं. शेवटचं एक विचारतो. वर्कशॉपमध्ये लीक-डाउन टेस्टर पडून आहे, कोणी वापरत नाही. गेजवरच्या टक्क्यांवरून काय समजायचं?

जुना_पाना

इंजिन गरम असू दे. ज्या सिलिंडरची टेस्ट आहे त्याचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आण आणि क्रँक फिरणार नाही असा धर, नाहीतर हवेच्या दाबाने पाना हातातून उडतो. तंदुरुस्त इंजिनात गळती साधारण १० टक्क्यांच्या आत असते. पण टक्क्यांपेक्षा कान महत्त्वाचा. ऑइल भरायच्या तोंडातून फुसफुस ऐकू आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एग्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलकडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन गरम करायच्या आधीच काढून ठेव, गरम झाल्यावर त्याला हात लावू नकोस. चारही सिलिंडरचे आकडे त्याच वहीत लिही आणि इथे टाक, आपण बघू.