शब्दचर्चा : माहितीपटांच्या परिचयातील ‘लवचिकता’, ‘अस्मिता’ आणि ‘आवड’

प्रश्न :
माहितीपटांच्या एका पुस्तिकेसाठी मराठी परिचय लिहिण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. मूळ इंग्रजी परिचयांत रेझिलियन्स (आघात सोसून टिकण्याची व पुन्हा उभे राहण्याची ताकद), आयडेंटिटी आणि पॅशन हे तीन शब्द पानोपानी येतात. पहिल्या खर्ड्यात मी त्यांसाठी अनुक्रमे लवचिकता, अस्मिता आणि आवड असे शब्द योजले. पण वाचताना ते अंगाबाहेरचे वाटतात. शिवाय ‘माहितीपट’ म्हणावे की ‘अनुबोधपट’, हाही प्रश्न आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर :
‘लवचिकता’ सर्वांत आधी बाजूला ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. मराठीत लवचिक असते ती वेताची छडी, कसरतपटूचे शरीर किंवा एखादे धोरण. माणसाला लवचिक म्हटले की प्रसंग पाहून भूमिका बदलणारा माणूस डोळ्यांसमोर येतो, आणि या परिचयांतून सांगायचे असते ते बहुधा याच्या अगदी उलट. भौतिकशास्त्रातला ‘स्थितिस्थापकता’ हा शब्दही येथे उपयोगी पडत नाही, कारण ताण काढल्यावर तार मूळ आकारात येते, माणूस मात्र आघातातून बाहेर येतो तो बदलूनच.

मराठीचा स्वभाव पाहता या अर्थासाठी नामापेक्षा क्रियापदच अधिक कामाला येते : तग धरणे, टिकून राहणे, निभावून नेणे, उभारी धरणे. यांतही फरक आहे. संकट चालू असताना माणूस तग धरतो. ते ओसरू लागले की उभारी धरतो. चिवटपणा हा स्वभावाचा भाग असतो, तर जिद्दीला समोर काहीतरी गाठायचे असावे लागते. पावसाने ओढ दिली तरी रोप तग धरते. ते जिद्द धरते असे कोणी म्हणत नाही.

उदाहरण म्हणून शौनक सेन यांचा 2022 सालचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा माहितीपट घेऊ. दिल्लीच्या वझिराबाद भागात दोन भाऊ जखमी घारींवर उपचार करतात. ज्या तळघरात त्यांचा साबणाचे डिस्पेन्सर बनवण्याचा छोटा धंदा चालतो, तेथेच पतंगाच्या मांज्याने पंख कापलेल्या घारी खोक्यांतून येतात. तरुणपणी शरीरसौष्ठवाच्या नादात स्नायूंविषयी जे कळले, त्याचा उपयोग त्यांना पक्ष्यांच्या जखमा समजून घेताना झाला. पैसे अपुरे, हवा दूषित, बाहेर शहरातले सामाजिक वातावरण तापलेले, आणि तरीही रोज नवे खोके उघडले जाते. येथे ‘तग धरून राहिलेले दोन भाऊ’ असे लिहिले तर चित्रपटात जे दिसते तेच वाचकापर्यंत पोहोचते. घारींविषयी मात्र ‘जुळवून घेणे’ हेच क्रियापद योग्य ठरेल, कारण शहराच्या कचऱ्यावर जगायला शिकलेला हा पक्षी आहे. म्हणजे एकाच चित्रपटात मूळ इंग्रजी शब्दासाठी दोन वेगळे मराठी प्रयोग करावे लागतील, आणि ते बेलाशक करावेत.

‘पॅशन’साठी ‘आवड’ फारच लहान पडते. आवड भेंडीच्या भाजीचीही असू शकते. आपल्याकडे छंद, नाद, वेड, ध्यास अशी चढती माळ आहे, आणि तिच्यातला नाद व ध्यास यांमधला फरक मला विशेष महत्त्वाचा वाटतो. ‘पोराला सिनेमाचा नाद लागला’ हे घरचे लोक काळजीने म्हणतात. त्याच पोराने पुढे नाव काढले की सत्काराच्या भाषणात त्याचा ‘ध्यास’ होतो. (कोल्हापूरकडे ‘नाद खुळा’ ही शाबासकी असते, हे खरे, पण ती त्या बोलीची मिजास आहे.) फैझा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट नादाच्या टप्प्यावर उभा आहे. नाशिक जिल्ह्यातल्या या यंत्रमागांच्या गावात नासिर शेख आणि त्यांचे सोबती ‘मालेगाव के शोले’ या विडंबनपटानंतर गावचा सुपरमॅन पडद्यावर आणायला निघतात, आणि त्यांचा सडपातळ सुपरमॅन स्वतः यंत्रमाग कामगार असतो. पुढे काय होणार, हे चित्रीकरण चालू असताना कोणालाच ठाऊक नसते. म्हणून परिचयात ‘सिनेमाचे वेड’ असे लिहावे. याच मंडळींवर रीमा कागती यांनी केलेला ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा कथापट 2025 मध्ये प्रदर्शित झाला. गोष्ट मागे वळून सांगितलेली असल्यामुळे तेथे ‘ध्यास’ शोभतो.

दुसरे उत्तर :
वरील विवेचनाशी मी सहमत आहे. ‘अस्मिते’विषयी थोडी भर घालतो. योगसूत्रांत अस्मिता, म्हणजे ‘मी’पणा, हा पाच क्लेशांपैकी (दुःखाच्या मुळांपैकी) एक आहे. आजच्या मराठीत तिला अभिमानाचा आणि बहुधा समूहाचा अर्थ चिकटला आहे. भाषिक अस्मिता, प्रादेशिक अस्मिता असे आपण सहज म्हणतो. त्यामुळे ‘मी कोण’ या एका माणसाच्या शोधावरील चित्रपटाला ‘अस्मितेचा शोध’ म्हटले की वाचकाला मोर्चा आठवतो. तेथे साधा ‘ओळख’ हा शब्द बरा.

तरीही काही ठिकाणी अस्मिता हाच शब्द हवा. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटाची सुरुवात 1997 साली मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई नगर या दलित वस्तीत पोलिसांनी केलेल्या गोळीबारापासून होते. दहा माणसे त्यात मृत्युमुखी पडली आणि त्यानंतर काही दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचे जीवन संपवले. डाव्या चळवळीत गाणाऱ्या या शाहिराने अखेरच्या वेळी डोक्याला निळी पट्टी बांधली होती. त्या पट्टीत एका माणसाची ओळख आहे आणि संपूर्ण समाजाची अस्मिताही. ‘ओळख’ लिहून तेथे भागणार नाही.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर :
दोघांचेही मनःपूर्वक आभार. माहितीपट आणि अनुबोधपट यांविषयी आपले मत कळावे.

पहिले उत्तर देणारे :
‘अनुबोधपट’ हा शब्द अभ्यासपूर्ण लेखनात आढळतो, पण त्यातला ‘बोध’ शिकवणुकीकडे झुकतो. 1948 साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजन या सरकारी संस्थेच्या, प्रेक्षकाला काही समजावून सांगणाऱ्या अनेक चित्रपटांना तो नेमका लागू पडतो. ‘वृत्तपट’ बातम्यांच्या चित्रफितीसाठी राखून ठेवावा. ‘वृत्तचित्र’ हिंदीतून आले आहे. ‘माहितीपटा’तली ‘माहिती’ही घारींच्या तळघराला अपुरी आहे, हे मान्य, पण वाचकांच्या तोंडी तोच शब्द बसला आहे. पुस्तिकेत सर्वत्र माहितीपट ठेवावा, आणि संवादांत पात्रे ‘डॉक्युमेंटरी’ म्हणत असतील तर ते तसेच राहू द्यावे.