मदत हवी आहे: पोस्टसेंट्रल कॉर्टेक्सचा चौथा थर वेगळा दिसत नाही

एमबीबीएसच्या प्रात्यक्षिकासाठी सेंट्रल सल्कसच्या (मेंदूच्या पृष्ठभागावरच्या मधल्या खाचेच्या) दोन्ही भिंती एकाच स्लाइडवर दाखवायच्या आहेत. मानवी मेंदू, फॉर्मॅलिन, पॅराफिन ब्लॉक, 10 मायक्रॉनचे छेद, 0.1 टक्के क्रेसिल व्हायोलेट (पेशी रंगवणारा जांभळा रंग).

पुढची भिंत सुरेख आली आहे. पाचव्या थरात बेट्झ पेशींचे (हालचालीशी संबंधित मोठ्या चेतापेशींचे) भलेमोठे त्रिकोणी देह, आतले निस्सलचे (रंग धरणाऱ्या कणांचे) गडद ठिपकेसुद्धा स्पष्ट. तिथे चौथा थर जवळजवळ नसतोच, म्हणून प्रश्न नाही. मागच्या भिंतीत, म्हणजे पोस्टसेंट्रल कॉर्टेक्समध्ये, मात्र चौथ्या थराचा बारीक पेशींचा दाट पट्टा उठून दिसायला हवा. तिथे तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंत सगळं एकसारखं जांभळं आहे. खाचेचा तळ टाळूनच बघतोय, कारण तिथे संक्रमणाचा भाग येतो.

जादा रंग निघावा म्हणून आम्लयुक्त अल्कोहोलमध्ये जास्त वेळ ठेवून पाहिलं: पार्श्वभूमी निवळली, पट्टा नाही. 6 मायक्रॉनवर तिथल्या पेशी आणखी विरळ दिसल्या. संशय तिरक्या छेदाचा आहे. मागची भिंत साधारण 2 मिमी जाड असायला हवी, इथे 3.5 भरते आणि पिरॅमिडल पेशींचे वर जाणारे डेंड्राइट (पेशींचे फाटे) मध्येच तुटलेले दिसतात.

ब्लॉक एकच आहे, क्रायोस्टॅट (गोठवून छेद घेण्याचं यंत्र) नाही. मेण वितळवून ब्लॉक सल्कसच्या लांबीला काटकोनात पुन्हा बसवावा, की आधी आहे त्याच ब्लॉकमधून 20 मायक्रॉनचे छेद घेऊन पाहावेत?