अनुभव धागा: सुरुंग, खडी आणि खाणीतली नोकरी

कृष्णाकाठ: कोरेगाव रस्त्याला क्वारीचा भोंगा ऐकला आणि जुनी ब्लास्टर (सुरुंग उडवणारी) मंडळी आठवली. खाण म्हटलं की लोक कोळसाच धरतात. पण १९५२ च्या खाण कायद्यात दगडखाणीला जी सूट होती ती सुरुंग लावला की संपायची. मग मेट (मुकादम), फोरमन, ब्लास्टर, सगळे धनबादची, म्हणजे तिथल्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची, परीक्षा दिलेले लागत. ज्यांनी या धंद्यात केस पांढरे केले त्यांनी लिहा. उगाच कौतुक नको, काम लिहा.

फत्तर: जॅकहॅमरचं भोक ३२-३४ मिलिमीटरचं. बर्डन, म्हणजे भोकापासून दगडाच्या उघड्या कडेपर्यंतचं अंतर, त्याच्या २५ ते ३० पट, म्हणजे फार तर मीटरभर. जास्त धरलं तर नुसता हादरा बसतो, बुडाचा दगड जागचा हलत नाही. स्टेमिंग, म्हणजे दारूवर भोकाचं तोंड बंद करणारा भराव, साधारण बर्डनइतकं, ओलसर चुऱ्याचं, थोडं थोडं ठोकून. गोणपाट कोंबणारे महाभाग आहेत, दगड गावात जातो तो त्यांच्यामुळे.

माणदेशी: खडीचा भाव काय चाललाय तिकडं?

फत्तर: क्रशरवाल्याला विचार बाबा 😄

वाईकर_आप्पा: आपल्याकडं खरी गोम लाल बोलाची. दोन थरांमधली तांबडी माती. भोक त्यात उतरलं की जोर तिथूनच निसटतो आणि वर म्हशीएवढे धोंडे राहतात. चुऱ्याचा रंग बघत राहायचा. राखाडीचा तांबडा झाला की खोली लिहून ठेवा, तेवढ्या पट्ट्यात दारू न भरता चुरा भरा.

मिरजकर: पावसाळ्यात भोकात पाणी असेल तर अँफो (अमोनियम नायट्रेट आणि डिझेलची दारू) नको, विरघळतं. नारिंगी धूर दिसला की समजा ओलं झालं होतं. पाण्यात टिकणाऱ्या इमल्शन दारूच्या कांड्या वापरा.

कृष्णाकाठ: आणि न उडालेला सुरुंग? वातीचा असेल तर अर्धा तास कुणी फिरकायचं नाही. स्टेमिंग उकरायचं तर नाहीच नाही. किमान ३० सेंटिमीटरवर समांतर भोक घेऊन उडवायचं, मग मलब्यात कांडी राहिली का ते हातानं शोधायचं. पोकलेन नंतर.

पाटण_खोरं: बोगदेवाल्यांना विसरलात. कोयनेचं लेक टॅपिंग, १३ मार्च १९९९ आणि परत २५ एप्रिल २०१२. शिवसागराच्या, म्हणजे कोयनेच्या जलाशयाच्या, पोटाखाली बोगदा आणायचा, शेवटचा दगडी बूच ठेवायचा आणि तो उडवून पाणी बोगद्यात घ्यायचं, मलबा पडायला खाली खड्डा आधीच खोदलेला. हीसुद्धा खाणवाल्यांचीच विद्या, पण नाव धरणाचं होतं.

तासगावकरीण: जेवणाचा डबा भरता भरता लिहितेय. धुळीचं कुणी बोललंच नाही. ड्रिलमधून पाणी सोडा, कोरडं मारू नका. ठरलेली वैद्यकीय तपासणी आणि छातीचा एक्सरे टाळू नका, जुनी फिल्मही जपा, डॉक्टर दोन्ही शेजारी लावून बघतात.

माणदेशी: ताई, फिल्म ओल लागून चिकटली तर?

तासगावकरीण: सोडवत बसू नका. दवाखान्यात विचारा, नोंद असली तर प्रत मिळते.